गंज काढला तरी आठ दिवसांत परत येतो? आधी धुण्याचं पाणी तपासा

मेअखेर आंबा आटपला की हत्यारं साफ करून पेटीत ठेवायची, ही आमच्याकडची आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, रीत. कौलं शाकारणं, लाकूडफाटा आत घेणं, तसंच हे एक काम. कोयते, छाटणीच्या कात्र्या, हातकरवत, कलमाचे चाकू, फवारणी पंपाचे पाने, सुटे नट-बोल्ट, सगळं अंगणात पसरायचं, घासून लख्ख करायचं, तेलाचा हात फिरवायचा आणि पडवीतल्या लाकडी पेटीत बंद करायचं. एवढं करूनही मृगाच्या सरी पडायच्या आत पेटी उघडली तर पात्यांवर पुन्हा तांबूस पूड दिसायची. ऑक्टोबरात तर पेटीत हात घालायला नको वाटायचं. चार वर्षं मी दरवेळी गंज काढायचा उपाय बदलत राहिलो. व्हिनेगर झालं, लिंबू झालं, डिझेल झालं, पॉलिश पेपर झाला, हार्डवेअरच्या दुकानातलं महागडं द्रवही आणून पाहिलं. प्रत्येक उपायाने गंज निघाला आणि प्रत्येक वेळी परत आला.

तुमचंही असंच होत असेल तर गंज काढायची पद्धत बदलून फारसा फरक पडणार नाही. गंज निघाल्यावर लोखंडाच्या अंगावर काय उरतंय ते शोधा. आमच्याकडे मीठ उरत होतं, आणि ते आमच्याच विहिरीतून येत होतं.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. आपल्याकडे स्टील म्हटलं की डोळ्यांसमोर स्वयंपाकघरातले डबे येतात. ते स्टेनलेस. त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि त्यामुळे पृष्ठभागावर धरणारा पातळसा थर त्याला गंजापासून सांभाळतो. मी इथे सांगतोय ते साध्या पोलादाबद्दल: कोयता, विळी, पाना, पक्कड, पटाशी, सायकलची चेन, शिलाई मशीनचे आतले भाग.

विहिरीतलं मीठ

आमचं घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे. पावसाळ्यात विहीर गोड असते, पण एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं की मचूळ लागायला लागतं. प्यायला नळाचं पाणी आणि बाकी सगळ्याला विहीर, हा घरचा नियम. हत्यारंही अर्थात विहिरीच्याच पाण्याने धुतली जायची, आणि नेमकी मेअखेर, म्हणजे पाणी सगळ्यात मचूळ असताना.

एका वर्षी धुणं चालू असतानाच विहिरीवरचा पंप बंद पडला. उरलेल्या दोन कात्र्या मी कळशीतल्या पिण्याच्या पाण्याने धुऊन घेतल्या. तेल तेच, फडकं तेच, पेटीही तीच. ऑक्टोबरात पेटी उघडली तेव्हा त्या दोन कात्र्या तशाच्या तशा होत्या आणि बाकी सगळ्यावर तांबेरा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

खात्री करायला पुढच्या मेमध्ये एकाच पुड्यातले दोन जुने बोल्ट घेतले. दोन्ही एकाच भांड्यात साफ केले. एक विहिरीच्या पाण्यात खळबळला, दुसरा उकळून कोमट केलेल्या पिण्याच्या पाण्यात. दोन्ही एकाच पंचाने पुसले आणि तेल न लावता दोन बशांत ठेवून दिले. संध्याकाळी विहिरीच्या पाण्यातल्या बोल्टाच्या डोक्याखाली, जिथे पंचा पोचत नाही तिथे, केशरी रंगाची बारीक कड उमटली होती. आट्यांच्या खाचांतही हळद भरल्यासारखं पिवळं दिसत होतं. दुसरा बोल्ट तिसऱ्या दिवसापर्यंत करडाच राहिला.

कारण सोपं आहे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःहून हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि कोकणात पावसाळाभर आर्द्रता त्याच्या वरच असते. मचूळ पाणी सुकलं की त्यातलं मीठ पात्यावर राहतं. डोळ्याला ते दिसत नाही. वरून आपण तेल लावतो आणि समाधानाने पेटी बंद करतो, पण तेलाखालचं मीठ थोडं थोडं पाणी ओढत राहतं. लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. मीठ पाणी धरून ठेवतं आणि वर गंजण्याचा वेगही वाढवतं.

ज्यांच्याकडे विहीर नाही त्यांनीही हे सोडून देऊ नये, कारण मीठ येण्याच्या वाटा बऱ्याच आहेत. बोअरवेलचं पाणी खारट असू शकतं. हाताचा घाम हे मीठच. साफ केलेल्या पात्यावर चार दिवसांनी बोटांच्या ठशासारखा गंज उमटला तर तो घामाचाच. आणि बागायतदारांच्या घरात हमखास सापडणारी वाट म्हणजे खताची रिकामी गोणी. आपण हत्यारं तिच्यात गुंडाळतो, कारण ती मजबूत असते आणि फुकट असते. पण म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊ. त्या गोणीच्या शिवणीत राहिलेली चिमूटभर पूडही पुरते.

गंज काढायला मी आता काय वापरतो

सगळं करून पाहिल्यावर मी सायट्रिक ॲसिडवर, म्हणजे लिंबूसत्त्वावर, स्थिरावलो. किराणा दुकानात किंवा बेकरीचं सामान मिळतं तिथे पांढरे खडे मिळतात. व्हिनेगरपेक्षा स्वस्त पडतं, घरभर वास सुटत नाही आणि पुडीत कोरडं ठेवलं तर वर्षभर टिकतं.

साधं प्रमाण असं: एक लिटर पाण्याला 50 ग्रॅम. चमच्याने अंदाज चुकतो, घरात वजनकाटा असेल तर मोजून घ्या. पाणी आंघोळीच्या पाण्याइतकं गरम असलं की काम लवकर होतं. भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं घ्या, ॲल्युमिनियमचं अजिबात नको.

भांड्यात टाकायच्या आधी भाग भांड्यांच्या साबणाने घासून त्याचा चिकटपणा काढा. ही पायरी लोक गाळतात आणि मग म्हणतात की रात्रभर ठेवूनही काही झालं नाही. जुनं ग्रीस, आंब्याचा चीक, फवारणीच्या औषधाचा थर, यांच्याखाली असलेल्या गंजापर्यंत द्रावण पोचतच नाही. चीक घट्ट बसला असेल तर आधी डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने पुसा, मग साबण लावा.

हलका गंज तास-दोन तासांत सुटतो. दर अर्ध्या तासाने भाग वर काढून जुन्या टूथब्रशने किंवा तारेच्या ब्रशने घासायचा आणि परत बुडवायचा. द्रावण हळूहळू पिवळसर हिरवं होतं. बुडबुड्यांवर नजर ठेवा. गंजाची जागा साफ झाली आणि आता स्वच्छ लोखंडावरूनच बारीक बुडबुडे यायला लागले, की ॲसिड गंज सोडून लोखंड खायला लागलंय. त्या क्षणी भाग बाहेर.

कलमाचा चाकू, कात्रीचं पातं, ज्याची धार गमवायची नाही अशा भागांसाठी मी द्रावणात थोडा बदल करतो. एक लिटर पाण्यात 100 ग्रॅम सायट्रिक विरघळवून त्यात 40 ग्रॅम धुण्याचा सोडा चिमटी-चिमटीने सोडायचा. जोरात फसफसतं, म्हणून भांडं मोठं घ्या आणि घाई करू नका. शेवटी भांड्यांच्या साबणाचे चार थेंब. सोड्यामुळे ॲसिडचा जोर कमी होतो, पण गंजातलं लोखंड पकडून ठेवायची ताकद राहते. यात पातं एक रात्र राहिलं तरी स्वच्छ लोखंड फारसं खाल्लं जात नाही. सोडा घेताना तो धुण्याचाच आहे ना ते बघा. खाण्याचा सोडा वेगळा आणि कॉस्टिक सोडा तर हाताला भाजणारा. शिवाय धुण्याचा सोडा पांढऱ्या कोरड्या पुडीसारखा असेल तरच हे 40 ग्रॅमचं माप लागू. मोठे काचेसारखे स्फटिक मिळाले तर त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं आणि तेवढ्याच कामाला अडीचपटीहून जास्त वजन घ्यावं लागतं.

व्हिनेगरही चालतं. घरात बाटली असेल आणि चार स्क्रूच साफ करायचे असतील तर मुद्दाम सायट्रिक आणायला जाऊ नका. फक्त वेळ लागतो, बारा ते चोवीस तास. व्हिनेगरमध्ये मीठ घातलं की गंज भराभर निघतो असं पुष्कळ ठिकाणी सांगतात, आणि निघतोही. पण ज्या गोष्टीने चार वर्षं आमची हत्यारं खाल्ली तीच आपल्या हाताने कशाला घालायची? याच कारणासाठी मी कोकमाचं आगळ आणि साठवणीची चिंचही वापरत नाही. तांब्या-पितळेला दोन्ही उत्तम, पण आगळात मीठ असतंच आणि साठवणीच्या चिंचेलाही बहुतेक घरांत मीठ लावलेलं असतं.

कोला ओतायचा प्रकार मी एकदा केला. त्यात फॉस्फोरिक ॲसिड असतं हे खरं, पण इतकं थोडं की दिवसभर वाट बघावी लागते, आणि नंतर साखरेचा चिकटा धुवायचं काम वेगळंच.

बाहेर काढल्यावरची दहा मिनिटं

माझा सगळा भर इथे आहे. द्रावणातून निघालेलं लोखंड अगदी उघडं असतं. त्यावर तेल नाही, जुना थर नाही, काही नाही. तसंच ओलं ठेवून तुम्ही चहा घ्यायला गेलात तर परत येईपर्यंत त्यावर पिवळी झाक आलेली असते. म्हणून सगळी मांडामांड आधी करून ठेवायची आणि मगच पहिला भाग बाहेर काढायचा.

मी ओळीने दोन बादल्या आणि एक कोरडा पंचा ठेवतो. पहिल्या बादलीत लिटरला एक चमचा धुण्याचा सोडा घातलेलं पाणी. सांध्यांत आणि आट्यांत अडकलेलं ॲसिड त्यात मरतं. दुसऱ्या बादलीत कडकडीत गरम, गोडं पाणी, विहिरीचं नाही. घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र असेल तर त्यातलं घ्या, नाहीतर पागोळीखाली धरलेलं पावसाचं पाणी उत्तम. ते मेमध्ये कुठून आणायचं? मी आदल्या पावसातला एक कॅन झाकून ठेवतो. कपडे धुवायला ते वापरायचं नाही असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

पाणी कडकडीत असण्याचं कारण असं की भाग त्यात मिनिटभर राहिला की स्वतःच तापतो. मग बाहेर काढून पंचाने पुसला की उरलेली ओल त्याच्याच उष्णतेने उडते, आपल्या डोळ्यांदेखत पात्यावरून वाफ जाते. चिमट्याने धरा, हात भाजतो. कात्रीचा सांधा, पक्कडीची खीळ, पान्याचा स्क्रू, अशा जागा केस वाळवायच्या यंत्राने फुंकून घ्या किंवा पाच मिनिटं कडक उन्हात पत्र्यावर ठेवा. आणि भाग अजून हाताला कोमट लागत असतानाच तेल. कोमट लोखंडावर तेल पातळ होऊन खाचांत उतरतं. थंड झाल्यावर लावलं तर वरवर बसतं.

यापुढे उघड्या हाताने धरायचं नाही. पेटीत ठेवताना फडक्याने धरा.

तरीही बिघडलं तर

धुतल्यावर पाच-दहा मिनिटांतच पिवळं पडलं तर घाबरू नका, तो पावडरीसारखा वरचा थर असतो. भाग परत पाच मिनिटं द्रावणात बुडवा आणि यावेळी सोड्याचं पाणी, गरम पाणी, पुसणं हे न थांबता करा. दुसऱ्यांदाही तसंच झालं तर शेवटच्या पाण्याचा संशय घ्या. दोन बोल्टांची चाचणी करायला एक दिवस पुरतो.

पातं काळं-करडं दिसायला लागलं तर तो गंज नाही. चांगल्या धारेच्या पोलादात कार्बन जास्त असतो आणि ॲसिडने लोखंड जरासं उतरलं की तो काळा थर मागे राहतो. चिमूटभर राख किंवा भांड्यांची पावडर घेऊन ओल्या काथ्याने घासा, बराचसा निघतो. मी कोयत्यावरचा काळेपणा मुद्दाम ठेवतो. उलट त्यावर दाट, बिनदुधाचा, बिनसाखरेचा कोरा चहा फासतो. चहातलं टॅनिन लोखंडाशी जुळून निळसर काळा रंग धरतं. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग येतो तो याच गुणामुळे. या थराने थोडा आधार मिळतो, पण तेलाची जागा तो घेऊ शकत नाही.

भाग अर्धा आत आणि अर्धा बाहेर ठेवला असेल तर पाण्याच्या पातळीला बरोबर एक रेघ खोदली जाते. ती मग कानशीनेच जाते, तीही पूर्ण नाही. लांब कोयता मावत नसेल तर त्यावर द्रावणात भिजवलेलं जुनं फडकं गुंडाळा, वरून प्लास्टिकची पिशवी बांधा आणि अधूनमधून फडकं ओलं करत राहा.

गंज गेला पण खड्डे राहिले, तर ते राहणारच. जे लोखंड गंज झालं ते गेलं, कुठलंही द्रावण ते परत आणत नाही. पाना-पक्कडीला खड्ड्यांनी काही बिघडत नाही. कलमाच्या चाकूच्या धारेवर खड्डा असेल तर मात्र धार मागे घेऊन नवी काढा. पावसाळ्यात कोय कलमं बांधताना काप गुळगुळीत नसेल तर डोळकाडी, म्हणजे कलमासाठी घेतलेली काडी, आणि रोप नीट बसत नाहीत, आणि खड्ड्यात ओल धरून तिथूनच पुन्हा गंज सुरू होतो.

भागावर तांब्याचा गुलाबी रंग चढला असेल तर त्याच द्रावणात कुठेतरी पितळ किंवा तांबं होतं. पितळी वायसर, पितळी खीळ आधी काढून ठेवा.

हे भाग बुडवू नका

छाटणीच्या कात्रीची स्प्रिंग मी एकदा दोन दिवस व्हिनेगरमध्ये विसरलो. बाहेर काढली तेव्हा चकचकीत होती. बसवली, दहा-बारा फांद्या छाटल्या आणि ती मधोमध काडीसारखी तुटली. ॲसिडमध्ये लोखंडावर हायड्रोजन तयार होतो आणि कडक केलेल्या पोलादात तो शिरला की पोलाद ठिसूळ होतं. स्प्रिंगा, डोक्यावर 10.9 किंवा 12.9 असे आकडे असलेले कडक बोल्ट आणि गाडीच्या ब्रेकशी संबंधित काहीही ॲसिडमध्ये घालू नका. स्प्रिंग असेल तर तारेचा ब्रश, डिझेल आणि पॉलिश पेपर. बोल्ट गाडीचा असेल तर नवा घ्या.

पांढऱ्या जस्ताचा मुलामा असलेले नट-बोल्ट, तारा, बादल्या यांचा मुलामा ॲसिडमध्ये आधी जातो, गंज नंतर. सायकलच्या हँडलसारखा क्रोमचा चकचकीत मुलामा असेल तर डब्यात पोळ्या गुंडाळतो तो ॲल्युमिनियमचा कागद चुरगाळून पाण्यात बुडवा आणि त्याने हलक्या हाताने चोळा. गंजाचे ठिपके काळपट चिखल होऊन निघतात. पुसून मेणाचं पॉलिश लावा. बेअरिंगच्या गोळ्यांवर गंज दिसला तर बेअरिंग बदला. साफ केलेली गोळी खरखरतच राहते.

बाथरूम साफ करायच्या ॲसिडबद्दल मला कळकळीने सांगायचंय. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, गंज अक्षरशः मिनिटांत उतरतो आणि म्हणून बरेच जण तेच वापरतात. मीही वापरलं. पडवीत घमेल्यात ओतून त्यात चार पाने टाकले आणि तासाभराने पाने काढून घमेलं तसंच ठेवून झोपलो. सकाळी भिंतीला टांगलेली करवत, शेजारी उभी सायकल, दाराची कडी, सगळ्यावर रात्रीत तांबूस थर. त्या ॲसिडची वाफच आजूबाजूच्या लोखंडावर बसते. डोळ्यांना आणि छातीला ती वाईट, हे वेगळं सांगायला नको. आणि कुठल्याही ॲसिडजवळ ब्लिचिंग पावडर किंवा कपड्यांचं ब्लीच नेऊ नका. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

मोठ्या भागांसाठी बॅटरीचा चार्जर

कुदळ, पहार, शेगडा यांना बुडवायला लागणारं सायट्रिक परवडत नाही. त्यांच्यासाठी वीज बरी. प्लास्टिकच्या पिंपात पाणी भरून लिटरला एक चमचा धुण्याचा सोडा विरघळवायचा. जुन्या पद्धतीच्या 12 व्होल्टच्या चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार लोखंडाच्या टाकाऊ पट्टीला. दोन्ही एकमेकांना लागता कामा नयेत. बुडबुडे सुरू झाले की पाच-सहा तास राहू द्या. लाल गंज काळा चिखल होतो आणि ब्रशने निघतो.

तारा उलट जोडल्या तर पट्टी वाचते आणि पहार झिजते, म्हणून चालू करण्याआधी दोनदा बघा. धन बाजूला स्टेनलेसचा चमचा-वाटी कधीच लावू नका, त्यातून क्रोमियमचं विषारी रूप पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठ घातलं तर क्लोरीन सुटतो. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, त्यामुळे उघड्या अंगणात करायचं आणि आसपास विडी-काडी नको. तार हलवायची तर आधी बटण बंद. कडक स्प्रिंगा आणि बोल्ट इथेही नकोत, हायड्रोजनचा धोका इथेही तोच आहे. आणि बॅटरी जोडल्याशिवाय चालू न होणारे नवे चार्जर या कामाला उपयोगी नाहीत.

जाम झालेला नट

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून आट्यांत गंज धरला की नट आतून आवळला जातो. डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून रात्रभर मुरू द्या. सकाळी हातोडीने नटाच्या बाजूंवर चारही अंगांनी हलके ठोके द्या आणि आधी जरासा आवळायचा प्रयत्न करा, मग सोडवा. एकदम सोडवायला जोर लावला की बोल्टाचं डोकं पिळून हातात येतं. थोडा हलला की परत तेल, परत मागेपुढे. संयम लागतो.

पेटीत ठेवताना

तेल कुठलं, यावर घरोघरी वाद असतात. विळी, खवणी, सुरी यांना खाण्याचंच तेल हवं आणि त्यात खोबरेल बरं, कारण शेंगदाणा किंवा सोयाबीनचं तेल हवेने चिकट होऊन बसतं. पण खोबरेलाचा थर पातळ असतो, पावसाळ्यात आठवड्याला नवा हात लागतो. कात्री, चाकू, पटाशी यांना शिलाई मशीनचं तेल. चार महिने हात न लागणाऱ्या पान्यांना आणि बोल्टांना ग्रीस. गाडीतून काढलेलं जळकं ऑइल गावात सर्रास फासतात, मी ते बंद केलं. त्यात काजळी आणि ॲसिड असतं, आणि कातडीलाही ते चांगलं नाही. करवतीला आणि रंध्याला मी तेलाऐवजी मेण लावतो: पातं उन्हात चांगलं तापवायचं, त्यावर मेणबत्ती घासायची आणि फडक्याने पसरायचं. लाकडाला डाग पडत नाही. लाकडी दांड्यांना जवसाचं तेल लावत असाल तर त्याच्या चिंध्या चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

पेटी जमिनीवर टेकवू नका, खाली दोन विटा ठेवा. पुठ्ठा आणि गोणपाट ओल धरतात. आमच्या पेटीच्या तळाशी आता धुऊन वाळवलेलं जुनं सुती लुगडं आहे. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवत असाल तर रात्री लोखंड गार पडतं आणि सकाळची दमट हवा त्यावर दवासारखी बसते, तेव्हा घरातली भिंतीकडची जागा बरी. ज्यांच्याकडे कपाट आहे त्यांनी आत जुन्या प्रकारचा तारेचा झिरोचा बल्ब चालू ठेवावा, कापडापासून आणि तेलकट वस्तूंपासून लांब. त्याच्या उबेने आतली हवा कोरडी राहते. एलईडीचा तापत नाही, त्याचा उपयोग नाही.

वापरलेलं सायट्रिकचं द्रावण विहिरीजवळ ओतायचं नाही. त्यात धुण्याचा सोडा टाकत राहा, फसफसणं थांबलं की भरपूर पाणी घालून झाडांपासून लांब मातीत सोडा. पितळ किंवा जस्त त्यात पडलं असेल तर मातीतही नको.

मी आता ऑक्टोबरची वाट बघत नाही. नारळी पौर्णिमेला पेटी उघडतो आणि पांढरं फडकं प्रत्येक पात्यावरून एकदाच फिरवतो. फडकं नुसतं तेलकट झालं तर ठीक. त्यावर बदामी रेघ आली तर ती कुठल्या जागेवरून आली ते बघतो. रेघ धारेवर असेल तर तेल कमी पडलं. सांध्यात असेल तर वाळवायला कमी पडलो. मुठीजवळ, जिथे अंगठा टेकतो तिथे असेल तर घाम. आणि पात्यावर सगळीकडे सारखी असेल तर त्या वर्षी कॅनमधलं पावसाचं पाणी कुणीतरी संपवून पुन्हा विहिरीचं भरून ठेवलंय.